डब्यातल्या पिंपळाचं लग्न

मैसूरजवळच्या त्या मठात नाव लावायला जागाच उरलेली नव्हती. भोजनशाळेतल्या पंख्यांच्या पात्यांवर दात्यांची नावं. पंखा फिरायला लागला की सगळे दाते एकमेकांत मिसळून त्यांचं एक भुरकट वर्तुळ व्हायचं. पायऱ्यांवर नावं, बाकांवर नावं. ट्यूबलाइटवर तर इतकं ठळक नाव की उजेड कमी आणि कीर्ती जास्त. पाण्याच्या टाकीवर तुंगम्माच्या समोरच्या घरातल्या पंकजाक्षीच्या सासऱ्यांचं नाव होतं, आणि पंकजाक्षी मठात आली की तहान नसतानाही दोन-दोन पेले पाणी प्यायची.

तुंगम्माचं नाव कुठेच नव्हतं. म्हणजे द्यायला हात आखडता होता असं नाही. मठाच्या स्वयंपाकघरात लागणारी सगळी कॉफीची पूड तिच्याच गिरणीतून जायची, आणि तीही गिऱ्हाइकांना देतात तसली चिकोरी घातलेली नव्हे, अस्सल. पण कॉफीवर नाव लिहिणार कुठे? लोक पितात, मिशा पुसतात, आणि "आज कॉफी फक्कड झाली" म्हणून आचाऱ्याला शाबासकी देतात. आचाऱ्याला. तुंगम्मा हे ऐकत उभी राहायची आणि काही बोलायची नाही, एवढ्यावरूनच ती किती सोशीक आहे हे कळावं.

मठामागे बोन्सायची बाग होती. दगडी खांबांवर उथळ कुंड्या, कुंड्यांत हातभर उंचीचे वड, चिंचा, आवळे. बाग सांभाळायचे तरुण स्वामी अभयानंद. चिमटा घेऊन एकेक वाळकं पान असं उचलायचे की जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावरचा डास. तुंगम्माला हा प्रकार कधी पटला नव्हता. "झाडाला उपाशी ठेवायचं, वर लोकांना बोलावून दाखवायचं," असं तिचं मत होतं आणि ते तिनं स्वामींना कळवलंही होतं. स्वामी हसले होते. ते सगळ्यालाच हसायचे.

एके दिवशी तिला दिसलं की मोठ्या स्वामींच्या दारासमोरचा खांब रिकामा आहे.

"तिथं पिंपळ हवाय अम्मा," अभयानंद म्हणाले. "तिथं दुसरं काही शोभत नाही. पण मनासारखा पिंपळ मिळत नाही."

तुंगम्मानं त्या खांबाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मोठ्या स्वामींचं दर्शन घेऊन जो कोणी बाहेर पडेल त्याची पहिली नजर ह्या खांबावर पडणार होती. पाण्याची टाकी तिथून दिसतसुद्धा नव्हती.

"माझ्या गच्चीवर आहे एक," ती म्हणाली. "कॉफीच्या डब्यात."

तो पिंपळ न्हाणीघराच्या भिंतीत उगवला होता. मुलगा सत्ती त्यावर ऍसिड ओतायला निघाला होता. पिंपळावर ऍसिड ओतणारा माणूस आपल्या पोटी कसा आला, याचा तुंगम्माला अजून उलगडा झालेला नाही. तिनं गिलाव्याच्या खपलीसकट ते रोप उपटलं, रिकाम्या डब्यात लावलं आणि गच्चीवर ठेवलं. घरातल्या इतरांना जे मिळायचं तेच त्याला मिळालं: तांदळाचं धुवण, कॉफीचा चोथा आणि शिव्या. वर्षं गेली. झाड गुडघ्याच्या वर काही गेलं नाही, पण खोड म्हाताऱ्याच्या कोपरासारखं जाड आणि सुरकुतलेलं झालं, आणि मुळांनी डबा फोडून बाहेर डोकं काढलं.

अभयानंद गच्चीवर आले आणि डब्यासमोर उकिडवे बसले. खोडावरून बोट फिरवलं.

"हे कोणी घडवलं अम्मा?"

"घडवतंय कोण? राहिलं तसंच. आमच्या घराण्यात सगळे ठेंगणेच."

"मठाला द्याल?"

"देईन की. नाव कुठे लिहाल? खांबावर की पाटीवर?"

स्वामी हसले. तेव्हा तुंगम्माला कळलं की हा त्यांचा नकार असतो.

"बागेत दात्यांची नावं लावत नाही अम्मा. पाटीवर फक्त झाडाचं नाव. मी बाग घेतली तेव्हाच मोठ्या स्वामींकडून हा नियम करून घेतलाय. नाहीतर पानापानावर नावं येतील." मग त्याच सुरात पुढे म्हणाले, "आणि डब्यातून काढताना निम्मी मुळं कापावी लागतील. फांद्याही थोड्या."

नाव नाही ते नाहीच, वर पिंपळाला कात्री. तुंगम्मानं स्वामींना कॉफी दिली, पण नेहमीपेक्षा अर्धा पेलाच. दारासमोरचा तो खांब मात्र तिच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवसापर्यंत ही बातमी गल्लीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. खालच्या भाडेकरूनं सांगितलं, अमावस्येला कापा, झाडाला कळत नाही. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या सिद्धराजूच्या आईनं सांगितलं, पिंपळाला लोखंड लागलं की घरातल्या थोरल्या मुलाला टक्कल पडतं. सत्तीकडे एकदा पाहून सगळ्यांनी तो धोका आधीच होऊन गेला असं ठरवलं. पंकजाक्षी तर निवृत्त मुख्याध्यापिका, बंगळूरला जाऊन बोन्सायचा वर्ग केलेली, घरी कडुनिंबाचं बोन्साय बाळगणारी. ती गच्चीवर येऊन चष्मा पुसून म्हणाली, "तुंगक्का, मुळं कापल्याशिवाय उथळ कुंडीत बसणार नाही. मी माझ्या निंबाची नेहमी कापते."

"तुझा निंब आहे. कापलास तर झालाच तर थोडा गोड होईल. हा अश्वत्थ आहे, साक्षात नारायण."

"मग नारायणाला डब्यात का कोंबलं होतं?"

तुंगम्मानं कॉफीचा चोथा डब्यात जरा जोरातच टाकला.

शेवटी पुरोहित नरहरी आचारांना बोलावलं. आचारांनी झाडाभोवती फेरी मारली, कॉफी घेतली, अजून एक फेरी मारली, अजून एक कॉफी घेतली. मग म्हणाले, "तोडणं पाप आहे. पण जावळ काढणं पाप नाही. लहान मुलाचे पहिले केस आपण काढतोच. ह्याचं जावळ झालंय का?"

"झाडाचं कसलं जावळ?"

"म्हणजे राहिलंय. शास्त्रात अश्वत्थाची मुंज सांगितली आहे, लग्न सांगितलं आहे. मग जावळ का नको? जावळ करू, कात्री लागेल, दोष लागणार नाही."

तुंगम्माला हा तोडगा फार आवडला. अडचण एवढीच, की जावळाच्या दिवशी कात्री चालली, मुळं सुटली, झाड स्वच्छ कुंडीत बसलं, आणि आचार हात धुताना म्हणाले, "जावळ झालं, आता मुंज लांबवून चालत नाही." मुंज झाली. खोडाला जानवं घातलं, नाव ठेवलं अश्वत्थनारायण, गोत्र घरचंच. आईच्या पाटावर तुंगम्मा बसली. भिक्षावळीच्या वेळी बटू हात पुढे करीना, म्हणून सत्तीनं धाकट्या भावाच्या वतीनं झोळी धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा तुंगम्माला वाटलं, की हा मुलगा उपयोगाचा आहे. आणि मग आचार म्हणाले, "मुंज झालेला अश्वत्थ ब्रह्मचारी ठेवून चालत नाही. निंबाशी लग्न लागलं की दोघं एका पारावर उभे राहतात, तेव्हाच लोक प्रदक्षिणा घालतात. एकटा पिंपळ शोभेचा. जोडी देवाची."

अख्ख्या मैसुरात कुंडीतला लग्नाच्या वयाचा कडुनिंब एकाच घरी होता.

तुंगम्मा स्थळ घेऊन जाणाऱ्यांतली नव्हती, मुलाकडची होती. तरी तिनं नवी साडी नेसली आणि रस्ता ओलांडला. पंकजाक्षीनं दिवाणखान्यात बसवलं, निंबाला समोर आणून ठेवलं. निंब नाजूक होता, एका अंगाला झुकलेला, जपानी निळ्या कुंडीत.

"जरा वाकडी आहे," तुंगम्मा म्हणाली.

"वाकडी नाही. वाऱ्याची शैली आहे ती. मुद्दाम तार बांधून केलीय."

"वळण लावावं लागलं म्हणजे वाकडीच. असू दे. आमच्यात मुलीचं रूप बघत नाहीत."

"तुमच्या मुलाचं शिक्षण किती?" पंकजाक्षीनं विचारलं. चाळीस वर्षं शाळेत घालवल्यावर दुसरं काही सुचत नाही माणसाला.

"माझ्याएवढंच. दुसरीपर्यंत. तरी त्याला मोठ्या स्वामींच्या दारात जागा मिळतेय. तुझ्या पदवीधरांना मिळाली?"

दोघी बराच वेळ अशा बोलल्या आणि दोघींना तो दिवस आवडला. ठरलं असं: लग्न मठाच्या बागेत, जेवण मुलीकडचं, गोडाला होळिगे म्हणजे पुरणपोळी आणि चिरोटी, दोन्ही, कुंडी मात्र मुलाकडची, मुलगी मुलाच्या कुंडीत जाणार. अभयानंदांना विचारलं तेव्हा ते हसले. तुंगम्मानं ह्या वेळी तो होकार धरला. मोठ्या स्वामींनी तर आपणहून सांगून पाठवलं, की मुहूर्ताला आम्ही येऊ.

सत्तीनं पत्रिका छापून आणल्या: कै. रामस्वामय्या व श्रीमती तुंगम्मा यांचे धाकटे चिरंजीव अश्वत्थनारायण. वाचून तुंगम्मा म्हणाली, "नवऱ्याला जाऊन इतकी वर्षं झाली आणि धाकटा आत्ता. लोक काय म्हणतील?" पण पत्रिका तिनं पदरात धरून ठेवली होती, आणि वाणसामानवाल्यापासून डाकवाल्यापर्यंत कोणी पत्रिकेशिवाय सुटला नाही.

लग्नाच्या सकाळी सगळं छान चाललं होतं. सनई होती, डोलूचा ढोल होता. आणि मग काशीयात्रा आली. आमच्याकडे नवरदेव मांडवात शिरण्याआधी रुसतो. छत्री घेतो, काठी घेतो, मला संसार नको, मी चाललो काशीला, म्हणून निघतो. मुलीच्या भावानं आडवं यायचं, हातापाया पडून परत आणायचं. आता अश्वत्थनारायण चालणार कसा? म्हणून सिद्धराजूची रिक्षा सांगितली होती. मागच्या सीटवर कुंडी, कुंडीला बांधलेली उघडी छत्री, छत्रीचा अर्धा घेर रिक्षाबाहेर. सिद्धराजूला तुंगम्मानं बजावलं होतं, "हळू निघायचं. मुलीचा भाऊ अडवेल, तिथं थांबायचं."

मुलीचा भाऊ म्हणजे पंकजाक्षीचा मुलगा. तो मेलबर्नला. तो फोनवरून अडवणार होता. पंकजाक्षीचे यजमान फोन छातीशी धरून फाटकात उभे होते. रिक्षा आली. यजमानांनी फोन पुढे केला. फोनमध्ये मुलगा नव्हता, यजमानांचंच तोंड दिसत होतं. "हलो? हलो? अरे, दिसतोय का तुला नवरदेव?" ते फोन उलटासुलटा करत राहिले आणि रिक्षा त्यांच्या शेजारून फाटकाबाहेर गेली.

"अडवा कोणीतरी," पंकजाक्षी म्हणाली.

"मुलीकडच्यांनी अडवायचं असतं," तुंगम्मा म्हणाली. "आमच्याकडचा माणूस पुढे झाला तर उद्या म्हणाल, मुलाकडच्यांना घाई झाली होती."

"तुंगक्का, झाड चाललंय."

"तुमचे भाऊ नाहीत का? चुलते? गावात एकही पुरुष नाही तुमच्या घराण्यात?"

यावर पंकजाक्षीच्या घराण्याबद्दल बोलणं झालं, मग तुंगम्माच्या घराण्याबद्दल झालं, आणि दोन्ही घराण्यांचं होईपर्यंत रिक्षेचा आवाज ऐकू येईनासा झाला. सनईवाला थांबला. आचारांनी घड्याळ बघितलं.

सत्तीनं स्कूटर काढली, तुंगम्मा मागे बसली. नवी साडी, हातात अक्षता, डोळ्यांसमोर तो रिकामा खांब. वाटेत तिच्या मनात एकच विचार होता, आणि तो मुहूर्ताचा नव्हता. त्या झाडाची मुळं नुकतीच कापलेली होती. डब्यात असताना ते गच्चीवरून पडलं असतं तरी मेलं नसतं. आता ते दुखणेकरी होतं, आणि ते तिनं केलं होतं, एका खांबासाठी.

सिद्धराजू बाजारापाशी सापडला. चहा पीत होता.

"मेल्या, थांबायचं सांगितलं होतं ना?"

"अम्मा, तुम्ही म्हणालात कोणी अडवेल तिथं थांब. कोणी अडवलंच नाही. शेवटी चौकात पोलिसानं अडवलं, छत्री बाहेर येते म्हणून. तिथं थांबलो. माझं काय चुकलं?"

"झाड कुठाय?"

"रिक्षात ऊन येत होतं. पारावर सावलीत ठेवलंय."

तुंगम्मा पाराकडे धावली. तो बाजारातल्या पिंपळाचा पार होता, वार शनिवार होता. नागाच्या दगडांच्या ओळीत मधोमध जानवं घातलेला, छत्री बांधलेला छोटा पिंपळ दिसल्यावर शनिवारच्या बायका काय करणार? त्यांनी जे करायचं ते भक्तीनं केलं होतं. खोडाला सूत गुंडाळून गुंडाळून त्याची फिरकी झाली होती. हळद, कुंकू, फुटाणे, आणि दूध. कुंडीत दूध काठोकाठ भरलं होतं. एक बाई अजून पिशवी फोडत होती.

"बाई, थांब," तुंगम्मा म्हणाली. "तो लहान आहे. त्याला एवढं पचत नाही."

"देवाला सगळं पचतं हो," ती बाई म्हणाली आणि ओतलं.

मुहूर्त टळला, पण दुसरा थोड्या वेळानं होता आणि लग्न लागलं. नवरदेवाला अडवणारा पोलीस, म्हणजे रीतीनं मुलीचा भाऊ तोच ठरला. तुंगम्मानं त्याला बरोबर आणला, मानाचं धोतर दिलं, आणि तो होळिग्या खाताना "छत्रीचा दंड राहिलाय" म्हणाला, तेव्हा आणखी वाढल्या. मोठे स्वामी अक्षता टाकून हसत निघून गेले. दोन्ही झाडं एका कुंडीत बसवली. तेवढ्यात पंकजाक्षी कुंडीशी वाकली आणि वास घेऊन सरळ झाली.

"तुंगक्का, हे दूध आत नासणार."

लग्नाच्या साडीतच दोघी विहिणी मठाच्या नळाखाली मुळं धूत बसल्या. पंकजाक्षीनं कुंचल्यानं दूध सोडवलं, तुंगम्मानं पाणी घातलं. कोणी कोणाच्या घराण्याबद्दल बोललं नाही.

तरी पानं गेली. आधी पिवळी झाली, मग एकेक करत सगळी. निंब हिरवागार, शेजारी नवरा काठीसारखा. मुंग्या यायच्या त्या वेगळ्याच. अभयानंदांनी कुंडी बागेच्या मागे, आजारी झाडांच्या छपराखाली नेली. तुंगम्मा रोज जायची, मुंग्या पुसायची आणि कोणी नाही असं बघून झाडाला बोलायची, "बायकोसमोर असं राहायचं का? जरा लाज."

मठाची आराधना, म्हणजे मूळ गुरूंची पुण्यतिथी, जवळ आली. त्या दिवशी बाग सगळ्यांना उघडी असायची. दारासमोरचा खांब अजून रिकामाच होता.

"अम्मा, यंदा चिंच ठेवतो," अभयानंद म्हणाले, हसले नाहीत, म्हणून तुंगम्माला जास्त लागलं.

तिनं घरी येऊन कोणाला काही सांगितलं नाही. सत्तीच्या बायकोनं विचारलं तर म्हणाली, "चिंचेलाही कधीतरी मान मिळू दे."

आराधनेच्या आदल्या संध्याकाळी पंकजाक्षी धापा टाकत रस्ता ओलांडून आली. "तुंगक्का, चला. आधी चला, मग साडी बदला."

छपराखाली पिंपळाच्या प्रत्येक फांदीवर पानं फुटली होती, तांबूस, चकचकीत, आणि इतकी लहान की प्रत्येक पान बाळाच्या अंगठ्याएवढं. डब्यात असताना तळहाताएवढी पानं यायची. तुंगम्मा घाबरली. "खुरटलं?"

पंकजाक्षीनं चष्मा पुसला. जे बोलायचं होतं ते तिच्या जिवावर आलं होतं. "खुरटलं नाही. लोक मुद्दाम सगळी पानं काढून टाकतात, अशी लहान पानं यावीत म्हणून. त्यासाठी मी वर्ग केला, मला अजून नीट जमलेलं नाही. तुमचं दुधानं जमलं."

"दुधानं नाही," तुंगम्मा म्हणाली. "पथ्यानं."

आराधनेला जोडी दारासमोरच्या खांबावर चढली. मोठे स्वामी दर्शनानंतर बाहेर आले आणि थबकले. मागे सगळी गर्दी थबकली.

"तुंगम्मांनी मठाला दिलेला अश्वत्थ," अभयानंद म्हणाले. "पाटी लिहायची आहे. झाडाचं नाव घालतो."

"दिलेला नाही," तुंगम्मा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. सत्तीनं मान खाली घातली.

"मी काही दान केलेलं नाही, स्वामी. आईच्या पाटावर बसून मुंज केली, लग्न केलं. मुलगा कोणी दान देतं का? इथं राहायला पाठवलाय. त्याच्या खाण्यापिण्याचं, आजारपणाचं मीच बघणार. माझ्या नावाची पाटी नको मला. पण बाहेर जाणाऱ्यानं बघून म्हणू नये, की ह्याला कोणी नाही."

ती हे बोलली आणि बोलल्यावर तिलाच कळलं की टाकीबिकीचं ती विसरून गेली होती.

मोठ्या स्वामींनी चष्मा वर केला. "मग ही दाता नाही झाली. आई झाली. पाटीवर मुलाचं नाव आईबापांसकट घाला. पत्रिकेत होतं तसं."

"स्वामीजी," अभयानंद हळूच म्हणाले, "इथं राहायला येणाऱ्याचं आईबापाचं नाव सुटतं. माझंही सुटलं."

"तू संन्यासी आहेस," मोठे स्वामी म्हणाले. "हा गृहस्थ आहे. त्याच्या लग्नाच्या अक्षता मी स्वतः टाकल्यात."

अभयानंद हसले. तुंगम्मा क्षणभर धास्तावली, पण ते पाटी आणायला गेले.

आता त्या खांबावर पाटी आहे: अश्वत्थनारायण, कै. रामस्वामय्या व श्रीमती तुंगम्मा यांचे धाकटे चिरंजीव. खाली सुनेचं, म्हणजे निंबाचं नाव, तिच्या आईबापांचं नाव, अक्षर जरा बारीक. पंकजाक्षी आता पाणी प्यायला टाकीकडे जात नाही, घरून बाटली आणते आणि खांबापाशी उभी राहून पिते. शेजारी तुंगम्माची खुर्ची. शनिवारी बायका तांब्या घेऊन आल्या की ती काठी आडवी धरते.

"प्रदक्षिणा घाल. हात जोड. दूध आणलं असशील तर स्वयंपाकघरात दे, कॉफी होईल. पुडीची काळजी करू नको, ती आमचीच."

सत्ती एकदा पाटी वाचत उभा होता. तुंगम्मानं त्याच्याकडे टकलापासून चपलेपर्यंत पाहिलं.

"तुला एवढं शिकवलं, गिरणी दिली, लग्न करून दिलं," ती म्हणाली. "माझं नाव कुठे लावलंस? धाकट्याकडे बघ. भिंतीतून आला, डब्यात वाढला."

मग तिनं वाकून कुंडीतली एक मुंगी बोटानं उचलली आणि झाडाला म्हणाली, "ताठ उभा राहा. लोक बघतायत."